परसातली सवत

माझ्या बापाचं तिसरं लग्न एका झाडाशी झालं. झाड माझ्या मायनं लावलेलं होतं, माय जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि त्या लग्नात अक्षता टाकायला मी हजर होते. हे सांगितलं की लोक हसतात. हसा. तेव्हा आमचं गावही पोट धरून हसलं होतं.

हिंगोली अजून जिल्हा झाली नव्हती. साखऱ्याच्या अलीकडं आमचं गाव, कोरडवाहू जमीन आणि बाबांची पिठाची गिरणी. घरात बाबा, मी आणि बाबांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या. आत्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली ती कायमची. तिला घरात आणि गावात सगळे आक्का म्हणत. घर तिच्या मुठीत होतं आणि ती मूठ कधी सैल झालेली मी पाहिली नाही.

झाड रुईचं. साधी जांभळ्या फुलांची रुई आमच्या भागात पैशाला पासरी. बांधावर, उकिरड्यावर, सडकेच्या कडेला, जिथं काही येत नाही तिथं ती येते आणि वर्षानुवर्षं हटत नाही. पण मायची रुई पांढरी होती. मायचं माहेर सिद्धेश्वर धरणाच्या खाली, कालव्याच्या अंगाला. त्या कालव्याच्या भरावावर एकच पांढरी रुई होती आणि लहानपणापासून तिची फुलं माय शनिवारी मारुतीला न्यायची. लग्नानंतर एकदा माहेराहून येताना तिनं तिची फांदी आणली. रुईची फांदी तोडल्या तोडल्या लावायची नसते. आधी चीक गळू द्यायचा, तोंडाला राख लावायची, सावलीत सुकू द्यायची आणि मग लावायची. ओली लावली की सडते. काळ्या मातीत तर सडतेच, म्हणून मायनं विहिरीच्या खोदकामातला मुरूम परसात पडला होता त्याच्यावर ती लावली.

आत्यानं पहिल्याच दिवशी तोंड सोडलं. "घराला रुई लागली की घर ओसाड पडतंय."

"आक्का, घर ओसाड करायला झाड कशाला लागतंय?" माय म्हणाली. "माणसं हायेत की."

अशी माझी माय. गरीब गाय वगैरे नव्हती ती. तिच्या जिभेला धार होती आणि ती मलाही लागायची. पण झाडाजवळ ती मला घेऊन बसायची आणि शिकवायची. कळ्यांवर पिवळा मावा पडला की बोटानं पुसून काढायचा. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या आल्या तर त्यांना हात लावायचा नाही, पानं खातात आणि फुलपाखरं होऊन जातात, पानं परत येतात. वैशाखात जुन्या फांद्या छाटायच्या, छाटताना तोंड बाजूला धरायचं, कारण चीक डोळ्यात गेला तर डोळा जातो. आणि पाणी घालायचं नाही. "हिचे लाड केले की मरती," असं ती सांगायची. फुलं मात्र बाराही महिने. पांढरी, मेणाची केल्यासारखी, मधे छोटा मुकुट. फुगलेली कळी दाबली की टचकन आवाज येतो. मी दाबायचे आणि धपाटा खायचे.

मायला कावीळ झाली. आधी गावठी औषध, मग कुणीतरी दिलेलं भस्म, मग "गिरणीवर गर्दी हाये, बाजार झाला की नेऊ." नेली, पण फार उशिरा. बाबांची पहिली बायको माझ्या जन्माआधी साप चावून गेली होती. आता दुसरी. गाव म्हणायला लागलं, ते घर बायका खातंय.

मायची लुगडी आत्यानं भावकीत वाटून टाकली. मला झाड राहिलं. कुणाला ते नकोच होतं, म्हणून राहिलं. मी मावा पुसत होते, वैशाखात छाटणी केली, डोळे सांभाळले.

बाबांबद्दल एक सांगायला पाहिजे. त्यांना जादा सामानाची भारी हौस. गिरणीत एक पट्टा चालू आणि एक खिळ्याला लटकवलेला. जात्याची दगडी तळी एक बसवलेली, एक भिंतीला टेकवलेली. टॉर्च दोन, चपलांचे जोड दोन. "उद्या लागलं तर?" हे त्यांचं आवडतं वाक्य. माणूस वाईट नव्हता असं लोक म्हणतात. मी म्हणत नाही.

तिसरी बायको शोधायला वेळ लागला नाही. वरच्या माळावर शेळ्या-मेंढ्या राखणारं एक कुटुंब होतं, त्यांची मुलगी. विशीतली, माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठी. तिचा बाप खांद्यावर घोंगडी टाकून आमच्या वट्यावर बसला आणि त्यानं एकच अट घातली. तिसरेपणावर लेक देणार नाही. आमच्याकडं मानतात की तिसरी बायको टिकत नाही, म्हणून नवऱ्याचं तिसरं लग्न आधी रुईशी लावायचं, रुई तोडायची, म्हणजे जे यायचं ते रुईवर जातं आणि खरी बायको चौथी ठरते.

"पहिलं रुईशी लावा," तो म्हणाला, "मंग माझं लेकरू देतो."

बाप म्हणून त्याचं बरोबर होतं. माझ्या बाजूनं बोलायला तिथं कुणीच नव्हतं. भटजींनी वर आणखी सांगितलं की दोन बायकांचा दोष आहे, साध्या रुईनं भागायचं नाही, पांढरी पाहिजे. आत्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "पांढरी घरातच हाये की."

रविवारी सकाळी लग्न लागलं. आत्यानं झाडाला हळद लावली, खणाचा तुकडा गुंडाळला. झाडाला डोकं कुठलं, म्हणून अंतरपाट किती उंच धरायचा यावर जरा वाद झाला. बाबा नवं धोतर नेसून झाडासमोर उभे होते. मुंडावळ्यांमुळे नाकाला खाज येत असावी, सारखं नाक वाकडं करत होते. मग आत्यानं आतून मायच्या डब्यातली काळ्या मण्यांची पोत आणली आणि बाबांनी ती झाडाला बांधली. मायच्या झाडाला मायची पोत. मी अक्षता टाकल्या त्या बाबांच्या तोंडावर नेम धरून, पण तांदूळच ते, काय लागणार.

लग्न लागल्यावर झाड तोडायचं. भटजी म्हणाले, कुणीही तोडा. मुलीच्या बापाला कुणाचा भरवसा नव्हता, त्यानं स्वतःच्या खांद्यावरची कुऱ्हाड काढली आणि एका घावात झाड आडवं केलं. दुधासारखा चीक मुरमावर सांडला. गावकरी हसत घरी गेले, बाबांनी अंघोळ केली, आणि पुढच्या आठवड्यात ती मुलगी आमच्या घरात आली. तिला मावशी म्हण, असं मला सांगण्यात आलं. मी पुष्कळ दिवस तिला काहीच म्हणत नव्हते.

पण तिच्या बापाच्या हातून एक चूक झाली होती, आणि ती धनगराच्याच हातून व्हावी अशी. शेळ्यांना पाला पाडणारा माणूस झाड मारत नाही. जमिनीपासून वीतभर वर, तिरका घाव घालतो, म्हणजे खुंट कुजत नाही आणि पुढच्या खेपेला परत फुटतो. जन्मभर त्याच्या हाताला तीच सवय. लेकीच्या जिवासाठी घाव घातला तोही तसाच पडला.

पंधरवड्यात खुंटाला पोपटी फुटवे आले. मी ते पाहिले आणि कुणाला बोलले नाही. मग एक दिवस मावशी राखेनं भांडी घासायला परसात बसली आणि तिलाही ते दिसले.

"आक्का," ती ओरडली, "ती जित्ती हाये!"

आत्या विळा घेऊनच बाहेर आली. खुंटाजवळ वाकली, विळा लावला, आणि तेवढ्यात तिनं मागं वळून मावशीचं तोंड बघितलं. पांढरंफटक पडलं होतं. आत्या थोडा वेळ तिच्याकडं बघतच राहिली. मग सरळ झाली आणि विळा परत वळचणीला खोचला.

"मोठी हाये ती तुझी," ती म्हणाली. "हात कसा लावावा? पाप लागंल मला."

त्या दिवसापासून आमच्या परसात मावशीची सवत राहायला लागली. सकाळी चहाच्या आधी मोठीला हळदकुंकू. सणाला पहिला घास मोठीला, मग घरात पानं. मावशीनं नवं लुगडं नेसलं की त्याचा पदर आधी मोठीला लावायचा. भाकर जाड झाली, दूध उतू गेलं, की आत्या परसाकडं तोंड करून म्हणायची, "बघ गं बाई मोठे, कसं करून राहिली ही." उत्तर कधी आलं नाही, पण मावशी मान खाली घालायची. झाड वाढलं तर मोठी हक्क सांगायला उठली म्हणून मावशीचं मरण, आणि वाळलं तर घरात पुन्हा मढं, तेही मावशीचंच. आत्याच्या न्यायात कुठल्याही बाजूनं फास तिच्याच गळ्याला लागायचा. इतकी हुशारी या बाईनं दुसरीकडं कुठं लावली असती तर सरपंच झाली असती.

बाबांना याची मौज वाटायची. गिरणीवर दळण घेऊन आलेल्या माणसांना ते सांगत, "दोन बायका हायेत माझ्या, पण भांडण म्हणून न्हाई. एक बोलत न्हाई आणि दुसरीला बोलता येत न्हाई." माणसं पीठ उडेस्तोवर हसत.

मावशीनं भीतीपोटी मोठीला रोज तांब्याभर पाणी घालायला सुरुवात केली. पानं पिवळी पडली. ती घाबरली आणि मला विचारायला आली, "हिला काय झालं गं? तुला ठाऊक आसंल." मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही. मायच्या जागेवर येऊन बसली होती ती, बसू दे जरा काट्यावर. बरेच दिवस मी तिची तगमग बघितली आणि मला बरं वाटलं. आजही त्याबद्दल मला फारसं वाईट वाटत नाही. शेवटी बोलले ते झाडासाठी. झाड मेलं असतं तर नुकसान माझं होतं.

"पाणी बंद कर," म्हटलं. "बुडाशी मुरूम टाक."

एवढं ऐकल्यावर ती एकटी मुरमाच्या पाट्या वाहून आली. पुढं तिनं सगळंच शिकून घेतलं, मावा पुसणं, छाटणी, अळ्या सोडून देणं. माळावर वाढलेली मुलगी, झाडपाल्याची नजर तिला होतीच. जीव ज्याच्यामुळं टांगणीला लागला त्याचीच सेवा करत होती आणि मोठी दिवसेंदिवस तरारत होती. फुलपाखरं यायची. रथसप्तमीला गावातल्या बायका अंघोळीसाठी पानं मागायला यायच्या, आणि पानं तोडायच्या आधी मावशी मोठीच्या पाया पडायची. आमचं दोघींचं बोलणं झाडापुरतंच असायचं. पण रोज होतं.

अशी काही वर्षं गेली. मधे हिंगोली जिल्हा झाली, मी सेनगावच्या हायस्कुलात जायला लागले, रुई आत्याच्या डोक्याच्या वर गेली. मावशीला दिवस राहत नव्हते, त्याचाही दोष मोठीकडं जायचा, म्हणजे पुन्हा मावशीकडंच. आणि मग राहिले.

तिला आनंद झाला असेल, पण दिसला नाही. पोट दिसायला लागलं तशी ती परसात जायला भ्यायची. आत्या भाजी निवडता निवडता म्हणायची, "अशा वेळी सवतीची नजर लई वाईट." सातवा सरून आठवा लागला. एका संध्याकाळी बाबा जेवायला बसले होते, मी आणि आत्याही होतो. वाढता वाढता मावशी म्हणाली, "एक मागायचं व्हतं."

"माग की."

"ती रुई काढून टाका. मुळासकट. मला लई भ्या वाटून राहिलं. लेकरू व्हईस्तोवर तरी मनाला तकलीफ नको."

तिनं आजवर काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. लुगडंसुद्धा नाही. बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला, खाल्ला. रागानं नाही, चेष्टेनं नाही, पट्ट्याबद्दल बोलावं तसं सहज म्हणाले, "राहू दे. पांढरी रुई आता कुठं भेटती? कालव्यावरचीबी गेली. उद्या लागली तर?"

"बराबर हाये," आत्या म्हणाली.

मावशीच्या हातात वरणाची पळी होती. बाबांनी ताट पुढं केलं, तिनं वाढलं. बाबा पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर मावशी परसात दगडावर बसली होती. शेजारी कुदळ. झाडाला तिनं हात लावलेला नव्हता. आत्या शेजारी गेली होती.

"तुझ्या मायची हाये," ती म्हणाली. "म्हणून तुझी वाट पाह्यली. तू न्हाई म्हणलीस तर राहू दे."

"आणि व्हय म्हणलं तर?"

"तर तूच उपट. मला वाकवत न्हाई."

मला इतका संताप आला की कुदळ तिच्याच डोक्यात घालावी. मायचं माझ्याकडं दुसरं होतं काय? लुगडी वाटली, पोत झाडाबरोबर गेली, फोटो कधी काढलाच नव्हता. आणि ही बाई, माझी कुणीही नसलेली, मला म्हणत होती की ते तू स्वतःच्या हातानं उपट. मी नाहीच म्हणणार होते. तोंड उघडलंही होतं.

पण आदल्या दिवशीचं ते जेवण डोक्यातून जात नव्हतं. उद्या लागली तर. म्हणजे मावशी मेली की परत हळद, परत खण, परत अंतरपाट, परत बाबा मुंडावळ्या बांधून माझ्या मायच्या झाडापुढं उभे. आणि त्या नव्या पोरीनंतरही परत. माझ्या मायच्या झाडानं याच्या किती बायका पोसायच्या? तिनं ते मारुतीच्या फुलांसाठी आणलं होतं.

मी कुदळ उचलली.

मुरूम कडक होता. मुळं खाली काळ्या मातीत घुसली होती आणि मुख्य मूळ माझ्या दंडाएवढं. मावशी दगडावर बसून सांगत होती, इकडून घाल, अजून खाली, तुटू देऊ नको, तुकडा राहिला तर परत फुटंल. आवाज ऐकून आत्या धावत आली आणि दारातूनच किंचाळली, "थांब! आगं, पांढऱ्या रुईच्या मुळात गणपती असतोय! फोडशील त्याला!" इतकी वर्षं सवत म्हणून नाचवलेल्या झाडात तिला एकदम देव दिसला. मी मूळ बाहेर ओढलं आणि तिच्या पायाशी टाकलं. तिनं ते उलटंपालटं करून पाहिलं. गणपती नव्हता. साधं पिवळट मूळ होतं.

मी रडत होते आणि चीक मनगटांवर ओघळत होता, त्यामुळं डोळेही पुसता येत नव्हते. मावशीनं फांद्या गोळा केल्या. एकही मुरमावर पडू दिली नाही, मुरमावर सुकलेली काडीसुद्धा मूळ धरते. सगळ्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर फेकल्या. मग तिनं माझे हात गोडेतेलानं चोळले, आणि मी तिला चोळू दिले.

बाबा गिरणी बंद करून आले, त्यांना आत्यानं वाटेतच गाठलं असावं. सरळ परसात गेले, खड्डा बघून आले.

"कुणी उपटली?"

"मी," म्हटलं. "मायची होती."

त्यांनी माझ्या कानाखाली वाजवली. कान बधिर झाला, तरी पुढचं ऐकू आलं. मावशी चुलीपाशी बसली होती, उठलीसुद्धा नाही.

"तिला काहून मारता? मी सांगितलं तिला," ती म्हणाली. "आता ऐका. माझ्या बापानं घातली तशी अट पुढच्या पोरीचा बापबी घालंल. पांढरी रुई आता घरात न्हाई. तवा मलाच जपावं लागंल तुमाला."

आत्या म्हणाली, "बघ, जीभ बघ तिची." बाबांनी ताट ओढलं आणि जेवायला बसले.

पण ते वाक्य त्यांना समजलं होतं. जादा सामान ठेवणाऱ्या माणसाला ते लगेच समजतं. मावशीला कळा सुरू झाल्या तेव्हा सुईण बोलावली नाही, बाजाराची वाट पाहिली नाही. गिरणीवर दळणाची रांग तशीच टाकून बाबांनी पारावरची जीप ठरवली आणि तिला थेट हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं. बाळ अडलं होतं. तासभर उशीर झाला असता तर दोघी गेल्या असत्या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दोघी वाचल्या. मुलगी झाली म्हणून बाबांचं तोंड वाकडं झालं ते झालंच.

ती जीप काही गावात नवी आलेली नव्हती. माय पिवळी होऊन माजघरात पडली होती, तेव्हाही ती रोज पारावर उभी असायची. मावशीला घेऊन जीप निघाली तेव्हा मी वट्यावर उभी होते. मावशी वाचावी असं मला मनापासून वाटत होतं, आणि माझ्या मायचा मला इतका राग आला होता की हुंदका आवरेना. आत्याला उत्तरं द्यायला तुझी जीभ एवढी चालायची माय, तर एकदा तरी त्याला म्हणायचं होतंस, मला जपा म्हणून.